दुसऱ्या व्यवसायासोबत टाय-अप कसं करायचं: नवख्यांसाठी, पहिल्या मेसेजपासून हिशोबापर्यंत

धंदा नवीन असला की एक सल्ला सगळीकडून मिळतो, "अरे कोणाशी तरी कोलॅब कर ना". सल्ला चुकीचा नाहीये, पण कोणाशी करायचं, कशासाठी करायचं आणि कोणी काय द्यायचं हे त्यात काहीच नसतं. मग आपण चार ओळखीच्यांना "आपण मिळून काहीतरी करूया" असा मेसेज टाकतो, समोरून "हो हो नक्की, भेटूया" येतं आणि घोडं तिथेच अडतं. त्या "काहीतरी"च्या जागी नेमकं काय भरायचं ते खाली लिहिलंय. तुम्ही एकटे फ्रीलान्सर असा, छोटं दुकान असो की पाच-दहा माणसांची एजन्सी, पायऱ्या साधारण त्याच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. टाय-अप तेव्हाच टिकतं जेव्हा तुम्हाला जवळजवळ फुकटात देता येणारी गोष्ट समोरच्याला विकत घ्यायला किंवा स्वतः करायला महाग पडते, आणि त्याच्याकडची अशीच एखादी गोष्ट तुम्हाला महाग पडते. दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूने असेल तर ते उपकार झाले, आणि उपकार दोन महिन्यांत आटतात.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग नावाच्या छोट्या गावातलं आहे. तिथल्या रिफायनरीत जादाचा गॅस जाळून टाकावा लागायचा, आणि जिप्समबोर्ड बनवणाऱ्या एका कारखान्याला भट्टीसाठी इंधन विकत घ्यावं लागायचं. १९७२ मध्ये तो गॅस पाइपने त्या कारखान्याकडे जायला लागला, बस, एवढ्यावरून सुरुवात. पुढे वीज केंद्राची वाफ रिफायनरीला आणि औषधं बनवणाऱ्या कंपनीला जायला लागली, धुरातला गंधक काढताना जे जिप्सम तयार होतं ते बोर्डच्या कारखान्याला कच्चा माल म्हणून मिळायला लागलं, अशी देवाणघेवाण वाढत गेली. गंमत म्हणजे कोणी टेबलावर बसून असा मोठा प्लॅन आखलाच नव्हता. दोन-दोन कंपन्यांनी आपापला फायदा बघून एकेक करार केला, आणि प्रत्येक करार स्वतःच्या पायावर उभा होता. आपल्याला पण तेच करायचंय, फक्त पाइपलाइन नाही टाकायची.

मिळतं काय नक्की

नवीन धंद्याचा मोठा प्रॉब्लेम माल किंवा सर्व्हिस हा क्वचितच असतो, तुम्हाला कोणी ओळखत नाही हा असतो. अनोळखी माणसाला पटवायला जाहिरात, डिस्काउंट, फॉलोअप असं बरंच काही लागतं. तेच काम ज्याच्यावर ग्राहकाचा आधीच विश्वास आहे असा माणूस एका वाक्यात करतो, "यांच्याकडून करून घ्या, मी ओळखतो". हा फायदा सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात नाजूकही, कारण तुम्ही काम बिघडवलंत की पत त्याची जाते.

दुसरं, मोठी कामं. ग्राहकाला वेबसाइट, फोटो आणि मजकूर तिन्ही एकत्र हवं असतं, तो तीन लोकांच्या मागे लागत नाही, तिन्ही देणाऱ्या एकाकडे जातो. तीन छोटे लोक एकत्र कोटेशन देऊ शकले तर ज्या कामाच्या दारात आधी उभं पण राहता येत नव्हतं तिथे निदान आत जाता येतं.

तिसरं, खर्च वाटला जातो. प्रदर्शनातला स्टॉल, गोडाऊन, डिलिव्हरीची गाडी, जाहिरात. जाहिरातीतलं गाजलेलं उदाहरण कॉम्प्युटरची चिप बनवणाऱ्या इंटेलचं आहे. १९९१ मध्ये त्यांनी "इंटेल इनसाइड" सुरू केलं, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या जाहिरातीत इंटेलचा लोगो दाखवला की त्या जाहिरातीच्या खर्चातला काही भाग इंटेल द्यायचं. कॉम्प्युटरवाल्यांची जाहिरात स्वस्तात झाली, आणि डब्याच्या आत लपलेली, कोणाला न दिसणारी चिप लोक नावाने मागायला लागले.

आणि चौथं शिकणं, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियात फ्रेमॉन्ट इथला बंद पडलेला कारखाना १९८४ मध्ये टोयोटासोबत मिळून पुन्हा चालू केला, कंपनीचं नाव नूमी. जीएमला छोट्या गाड्या चांगल्या दर्जाच्या कशा बनवायच्या ते बघायचं होतं, टोयोटाला अमेरिकेतले कामगार, युनियन आणि सप्लायर यांच्यासोबत काम करून बघायचं होतं. बरेचसे कामगार जुन्याच कारखान्यातले, पण पद्धत बदलली, कुठे चूक दिसली तर साध्या कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा मिळाली, आणि गाड्यांचा दर्जा सुधारला. टोयोटाने १९८८ मध्ये केंटकीत स्वतःचा कारखाना चालू पण केला. जीएमला मात्र ते शिक्षण आपल्या बाकीच्या कारखान्यांत न्यायला फार वेळ लागला. म्हणजे एकाच वर्गात दोघं बसले तरी वही कोणी लिहिली यावर सगळं अवलंबून असतं.

एक उलटी बाजू पण सांगून ठेवतो. टाय-अप वेळ खातं. मिटिंगा, फोन, "त्यांचं काय झालं" हे विचारत बसणं. तुमचं स्वतःचं काम अजून वेळेवर जात नसेल, रोज काहीतरी गोंधळ होत असेल, तर आत्ता थांबा. आधी घर आवरा, मग पाहुणे बोलवा.

स्टेप १: ग्राहक तुमच्याकडे यायच्या आधी कुठे होता, आणि नंतर कुठे जातो

पार्टनर शोधायला ओळखीच्यांची यादी उघडू नका, ग्राहकाचा प्रवास कागदावर काढा. समजा तुम्ही पडदे शिवून लावून देता. तुमचा ग्राहक पडदे का घेतोय? बहुतेक वेळा घर बदललंय, नवीन घेतलंय किंवा रंग दिलाय. म्हणजे तुमच्या आधी त्याच्याकडे एजंट, सामान हलवणारे, रंगकामवाले, सुतार येऊन गेले. तुमच्या नंतर साफसफाईवाले, सोफ्याचे कव्हर शिवणारे, लाइटवाले येतील. ही झाली तुमची खरी यादी, आणि ती कुठल्याही नेटवर्किंग ग्रुपपेक्षा चांगली आहे.

या यादीत तुमच्या लगेच आधी जो येतो त्याला सगळ्यात वर ठेवा. घर शोधून देणारा एजंट पण तुमच्या आधीच येतो, पण त्या वेळी ग्राहकाच्या डोक्यात पडदे नसतात. रंग वाळत आला की मात्र तो उघड्या खिडक्यांकडे बघायला लागतो, तेव्हा घरात जो माणूस उभा आहे त्याच्या शब्दाला किंमत आहे.

स्टेप २: दोन कॉलम

एका कॉलमात "मला स्वस्त, त्याला महाग", दुसऱ्यात "त्याला स्वस्त, मला महाग". रंगकामवाल्याचंच उदाहरण पुढे नेऊ. तो घरात चार-पाच दिवस असतोच, खिडक्यांची मापं घ्यायला त्याला दहा मिनिटं पुरतात. तुम्हाला नुसतं कोटेशन देण्यासाठी अर्धा दिवस मोडून जावं लागतं, आणि वर त्यातले बरेच लोक "कळवतो" म्हणून गायब होतात. ही झाली त्याला स्वस्त, तुम्हाला महाग अशी गोष्ट.

उलट्या बाजूने बघा. पडदे लावायला तुम्ही शिडीवर चढता तेव्हा खिडकीवरची ओल, पोपडे, भिंतीला गेलेली भेग तुम्हाला अगदी नाकासमोर दिसते. ग्राहकाच्या परवानगीने एक फोटो काढून पाठवायला तुम्हाला काही लागत नाही, रंगकामवाल्याला मात्र असं दार ठोठवायला किती पत्रकं वाटावी लागतील विचार करा. शिवाय तुमच्याकडे कापडाचे नमुने आहेत, भिंतीचा रंग ठरत नसलेल्या ग्राहकासमोर ते ठेवले की त्याचा निर्णय लवकर होतो, म्हणजे रंगकामवाल्याचं काम अडून राहत नाही.

दोन्ही कॉलमात निदान एकेक ओळ खरीखुरी भरली पाहिजे. "त्याला एक्स्पोजर मिळेल" ही ओळ मी धरत नाही, तुम्ही पण धरू नका.

स्टेप ३: माणूस पारखा

ग्राहक सारखा, वस्तू वेगळी, आणि किमतीची पातळी साधारण एक, एवढं जुळलं पाहिजे. स्वस्तातलं पटकन काम करणाऱ्याने महागड्या कारागिराकडे ग्राहक पाठवला की ग्राहक किंमत ऐकून दोघांवरही नाराज होतो.

मग पारखायचं कसं, तर शक्य असेल तर एकदा त्याचे ग्राहक व्हा. छोटं काम द्या. फोन किती वेळाने उचलतो, सांगितलेल्या दिवशी येतो का, बिल देतो का, काम झाल्यावर कचरा उचलतो का. त्याचे वाईट रिव्ह्यू वाचा, चांगले सगळ्यांचेच सारखे असतात, वाईट रिव्ह्यूला तो काय उत्तर देतो त्यात माणूस दिसतो. ग्राहकाशीच हुज्जत घालत असेल तर उद्या तुमच्याशीही घालणार.

फार मोठ्या पार्टनरच्या मोहात सुरुवातीला पडू नका, नाकापेक्षा मोती जड होतो. त्यांचं पेमेंट तीन-तीन महिन्यांनी येतं, नियम त्यांचे, आणि तुमच्यासारखे त्यांच्याकडे पन्नास असतात. तुमच्याच आकाराचा, तुमच्याइतकीच गरज असलेला माणूस बरा.

पार्टनरचं नाव तुम्हाला चिकटतं हेही लक्षात घ्या. खेळणी बनवणारी लेगो आणि तेल कंपनी शेल यांचं नातं साठच्या दशकापासूनचं, शेलच्या लोगोची खेळणी पेट्रोलपंपांवर मिळायची. शेलच्या आर्क्टिकमधल्या तेल उत्खननावरून ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने मोहीम चालवली ती लेगोच्या विरोधात, आणि २०१४ मध्ये लेगोला जाहीर करावं लागलं की हा करार पुढे वाढवणार नाही. खेळणी बनवणाऱ्यांनी तेल काढलं नव्हतं, तरी प्रश्न त्यांना विचारले गेले.

आणि स्पर्धकाचं काय? चालतो की. तुमची तारीख फुल आहे, त्याची मोकळी आहे, काम त्याला द्या, पुढच्या वेळी तो देईल. एकत्र कच्चा माल घेतला तर भाव पण चांगला मिळू शकतो. पण ग्राहकाला लावायचे रेट एकमेकांत ठरवणं, "तू या भागात जाऊ नकोस, मी त्या भागात येत नाही" असं वाटून घेणं, हे बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे, छोट्या धंद्यांनाही सूट असेलच असं नाही. तो विषय निघाला तर तिथेच थांबवा.

स्टेप ४: प्रकार ठरवा, आणि सगळ्यात खालच्या पायरीवरून सुरू करा

सगळ्यात सोपं म्हणजे नुसतं नाव सुचवणं, पैसे नाहीत काही नाही. त्याच्या वर कमिशनवालं रेफरल. मग एकत्र पॅकेज, म्हणजे रंग आणि पडदे एकाच कोटेशनमध्ये. मग एकाने काम घ्यायचं आणि दुसऱ्याने त्याच्या नावाखाली करून द्यायचं. आणि सगळ्यात वर दोघांची मिळून वेगळी कंपनी. नवीन माणसं बऱ्याचदा थेट वरच्या पायरीवर उडी मारतात, नाव ठरतं, लोगो बनतो, इन्स्टाग्राम पेज उघडतं आणि एक पण ग्राहक एकमेकांना पाठवलेला नसतो.

स्टेप ५: पहिला मेसेज

लांबलचक प्रपोजल, पीपीटी काही नको. पहिल्या मेसेजमध्ये तीनच गोष्टी हव्यात: तुम्ही कोण, त्याच्या ग्राहकाचा कुठला त्रास तुम्हाला दिसला, आणि एकच छोटी गोष्ट करून बघायची ऑफर. असा काहीतरी:

"नमस्कार दादा, मी पडदे शिवून लावून देतो. गेल्या महिन्यात तुम्ही रंग दिलेल्या एका घरी माझं काम होतं, फिनिशिंग छान होतं, म्हणून नंबर घेतला. रंग ठरवताना ग्राहक फार वेळ लावतात असं बऱ्याच जणांकडून ऐकतो. माझ्याकडची कापडाच्या नमुन्यांची एक फाइल तुमच्याकडे ठेवली तर चालेल का? ग्राहकाला दाखवा, ठरवणं सोपं जाईल. कोणाला पडदे हवे असतील तर माझा नंबर द्या, नको असतील तरी काही हरकत नाही. बुधवारी किंवा गुरुवारी दहा मिनिटं येऊन फाइल देऊन जाऊ का?"

यात आधी दिलंय, मग मागितलंय. दिवस पण दोनच दिलेत, कारण "कधीतरी भेटू" म्हटलं की ते कधीतरी येतच नाही. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा आणि सोडून द्या, मागे लागून झालेलं टाय-अप शेवटपर्यंत मागे लागूनच चालवावं लागतं.

स्टेप ६: आकडे मांडा (ही स्टेप गाळू नका)

समजा बिल १०० चं. कापड, शिलाई, फिटिंग धरून खर्च ७०, उरतात ३०. आता उत्साहात तुम्ही रंगकामवाल्याला म्हणालात "तुम्हाला १० टक्के", आणि त्याच्या ग्राहकाला म्हणालात "तुमच्यासाठी १० टक्के ऑफ". ऐकायला दोन्ही छोटं वाटतं. बिल झालं ९०, खर्च तेवढाच ७०, उरले २०, त्यातून ९० वरचं कमिशन ९ गेलं, हातात ११. म्हणजे ३० चे ११ झाले, काम तेवढंच.

हे वाईटच असं नाही. जाहिरातीतून एक ग्राहक मिळवायला तुम्हाला २२ लागत असतील तर १९ देऊन आलेला ग्राहक स्वस्तच पडला. पण जाहिरातीत १२ च लागत असतील तर तुम्ही मैत्रीखातर जास्त मोजताय. म्हणून आधी स्वतःचा एक ग्राहक आणायचा खर्च काढा, मग टक्केवारी बोला. माझं मत विचाराल तर कमिशन किंवा डिस्काउंट यातलं एकच ठेवा, दोन्ही नको.

टक्केवारी कशावर हे पण आत्ताच ठरवा. टॅक्स धरून की वगळून? पूर्ण बिलावर की फक्त शिलाईवर? ग्राहक सहा महिन्यांनी स्वतःहून परत आला तर तेव्हाही द्यायचं का? आणि कमिशन कधी द्यायचं, तर ग्राहकाचे पूर्ण पैसे आल्यावर, ऑर्डर मिळाल्यावर नाही, नाहीतर बुडालेल्या बिलावरही तुम्ही खिशातून वाटणी देत बसाल.

एकत्र पॅकेज करत असाल तर नफा वाटायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, आलेला पैसा वाटा. नफा वाटायचा म्हटलं की खर्च कोणाचा किती यावर वाद सुरू, त्याचं पेट्रोल, तुमचा हेल्पर, जेवढा खर्च फुगवाल तेवढा समोरच्याचा वाटा कमी. जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेकमा यांनी १९७४ मध्ये विमानाची इंजिनं बनवायला सीएफएम नावाची निम्मी-निम्मी कंपनी काढली. त्यांनी येणारं उत्पन्न वाटून घ्यायचं ठरवलं, खर्च ज्याचा त्याने सांभाळायचा, इंजिनचे भागही ठरलेले, गाभा एकाचा, पंखा दुसऱ्याचा. आपला खर्च आटोक्यात ठेवला तर फायदा आपलाच, समोरच्याच्या वह्या तपासायची गरजच नाही. त्यांचं पहिलं इंजिन सीएफएम५६, जगात सगळ्यात जास्त विकल्या गेलेल्या जेट इंजिनांपैकी एक, आणि ही जोडी अजून टिकून आहे.

स्टेप ७: एक पानी लिखापढी

"आपल्यात काय लिहायचं" हे वाक्य आलं की समजा लिहायलाच पाहिजे. वकील सुरुवातीला नसला तरी चालेल, पण निदान एक पान, किंवा गेला बाजार एक ईमेल, ज्याला समोरून "मान्य" असं उत्तर आलंय. वेगळी कंपनी काढताना किंवा मोठा पैसा गुंतवताना मात्र वकील आणि सीए दोन्ही हवेत.

पानावर काय? कोण काय करणार, पैसे कसे, आणि चूक झाली तर कोणाच्या खिशातून. शेवटचा मुद्दा लोक टाळतात आणि भांडण नेमकं तिथेच होतं. मापाचंच बघा, रंगकामवाल्याने घेतलेलं माप दोन इंच कमी निघालं आणि तुम्ही कापड कापून बसलात, नुकसान कोणाचं? यावर सरळ नियम: त्याचं माप फक्त अंदाजे कोटेशनसाठी, ग्राहकाने हो म्हणून ॲडव्हान्स दिला की तुम्ही स्वतः जाऊन माप घ्यायचं आणि मगच कात्री लावायची. म्हणजे फुकटच्या फेऱ्या वाचल्या, आणि कापलेल्या कापडाची जबाबदारी स्वच्छपणे तुमची राहिली.

मग एक्स्क्लुझिव्हचा प्रश्न, म्हणजे "तू फक्त माझ्याकडेच पाठवायचं". सुरुवातीला देऊ नका, मागू पण नका. द्यायचंच असेल तर मुदत घाला आणि बदल्यात किमान किती काम मिळणार ते लिहून घ्या. आणि जे लिहिलं नाही ते मोकळं राहतं हे विसरू नका. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टकडून घेतली, पण ती दुसऱ्यांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. पुढे बाकीच्या कंपन्यांनी आयबीएमसारखेच कॉम्प्युटर बनवले आणि तीच सिस्टीम मायक्रोसॉफ्टकडून घेतली. त्या करारात मोठी कंपनी आयबीएम होती, पण पुढची कमाई कोणाची झाली ते सगळ्यांना माहितीये. तुमच्या पातळीवर हाच प्रश्न असा येतो: दोघांनी मिळून काढलेले फोटो, व्हिडिओ, पॅकेजचं नाव, ग्राहकांची यादी, हे उद्या कोणाचं?

यादीवरून आठवलं. ग्राहकाचा नंबर पार्टनरला द्यायच्या आधी ग्राहकाला विचारा, बऱ्याच देशांत यासाठी कायदे आहेत आणि कायदा नसता तरी विचारायलाच हवं. त्याहून सोपं म्हणजे पार्टनरचा नंबर ग्राहकाला द्या. आणि आपल्या सिस्टीमचे पासवर्ड तर अजिबात वाटू नका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या स्टोअर चेनमधून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर आत शिरले ते एसी आणि कूलिंगचं काम करणाऱ्या एका बाहेरच्या ठेकेदाराच्या लॉगिनमधून.

अजून एक, थोडं कायद्याचं. बऱ्याच ठिकाणी दोघं मिळून धंदा करून नफा वाटून घेत असतील तर कागद नसला तरी कायदा त्याला भागीदारी मानू शकतो, आणि मग त्याचं देणं तुमच्या गळ्यात येऊ शकतं. म्हणून पानावर एक ओळ टाका की दोघं स्वतंत्र व्यावसायिक आहेत, ज्याने त्याने आपलं बिल, टॅक्स आणि जबाबदारी बघायची. ही ओळ म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, वागणंही तसंच हवं, म्हणजे बिलं वेगळी, खाती वेगळी.

स्टेप ८: एकच काम एकत्र करून बघा

महिनाभराची ट्रायल, किंवा तीन-चार ग्राहक, एवढंच. ग्राहकाचा मुख्य माणूस कोण हे आधी ठरवा. पडदा वाकडा लागला तर तो फोन कोणाला करणार? दोघांनी "ते त्यांना विचारा" म्हटलं की ग्राहक दोघांनाही गेला. ज्याने ग्राहक आणला त्याने पहिला फोन घ्यायचा आणि मग मागे आपापसात बघून घ्यायचं, ही पद्धत मला सगळ्यात कमी डोकेदुखीची वाटते.

स्टेप ९: मोजा

प्रत्येक पार्टनरला वेगळा कोड द्या, किंवा काहीच नको, नवीन ग्राहकाला एक प्रश्न विचारायची सवय लावा, "आमचा नंबर कुठून मिळाला?" आणि उत्तर वहीत लिहा. महिन्याच्या शेवटी तेवढंच बघायचं: किती आले, किती टिकले, हातात किती उरले, आणि तुम्ही त्याच्याकडे किती पाठवले. शेवटचा आकडा लोक लिहितच नाहीत. तुमच्याकडून शून्य जात असतील तर त्याच्याकडून येणं थांबायच्या आधी तुम्हीच फोन करून सांगा की या महिन्यात काही नव्हतं, पुढच्या महिन्यात दोन घरं आहेत. हिशोब मागायच्या आधी पाठवला तर संबंध चांगले राहतात, कमिशनचंही तसंच, ठरलेल्या तारखेला न मागता गेलं पाहिजे.

आणि नूमीवरून आठवलं, पैशांशिवाय काय शिकलो ते पण लिहा. तो कोटेशन कसं देतो, उरलेला माल कसा वापरतो, चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलतो. हे शिक्षण फुकट आहे, वहीत उतरवलं तरच.

स्टेप १०: वाढवायचं की थांबवायचं

चाललं तर स्टेप ४ ची एकच पायरी वर जा, रेफरल चाललं तर पॅकेज, पॅकेज चाललं तर एकाने काम घेऊन दुसऱ्याने करून देणं. नाही चाललं तर गुळमुळीत सोडून देऊ नका, ते अर्धवट लटकलेलं टाय-अप नंतर त्रास देतं. फोन करा, मग लेखी एक मेसेज, साधारण असा: "दादा, या ३० तारखेनंतर आपण रेफरल थांबवू. त्याआधी तुम्ही पाठवलेल्या ग्राहकांचं काम चालू आहे, त्यांचे पैसे आले की ठरलेलं कमिशन तुम्हाला पोचेल. तुमच्याकडची नमुन्यांची फाइल मी येऊन घेऊन जाईन."

मग त्याचा कोड बंद करा, वेबसाइट आणि प्रोफाइलवरून त्याचं नाव, लोगो काढा आणि त्याला तुमचं काढायला सांगा, दोघांचे मिळून काढलेले फोटो कोण कुठे वापरू शकतो ते त्या एका पानावर लिहिलेलंच आहे त्याप्रमाणे करा. चालू कामांच्या ग्राहकांना मात्र कारणं सांगत बसू नका, तुमचं काम ठरल्याप्रमाणे होईल आणि आता फोन कोणाला करायचा, एवढंच कळवा.